मॅनहोलच्या मापाचे दाजी

गेल्या वर्षी आमचे दाजी खडीच्या यार्डात कमरेपर्यंत जमिनीत गेले आणि तिथेच राहिले.

झालं असं. आम्ही वजनकाटे दुरुस्त करणारी माणसं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुकान त्यांचं, हात त्यांचा, नाव त्यांचं. मी भागीदार, म्हणजे पाने-पकडी हातात देणारा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणारा. दुकानदारांचे छोटे काटे आमच्याकडे रोज येतात, पण आमचं मानाचं काम एकच, खडीच्या यार्डातला ट्रकचा काटा. जमिनीलगत लोखंडी प्लॅटफॉर्म, त्यावर भरलेला ट्रक उभा राहतो आणि केबिनमधल्या डब्यावर त्याचं वजन दिसतं. वर्षातून एकदा त्या प्लॅटफॉर्मखालच्या खड्ड्यात उतरून सगळं तपासावं लागतं, आणि उतरायला वाट एकच, एक गोल मॅनहोल. ते ज्यांनी केलं ते लोक बहुधा जेवत नसावेत.

दाजी त्यातून वर्षानुवर्षं उतरत आले होते. गेल्या वर्षी मात्र पाय गेले, मांड्या गेल्या आणि पोटाशी घोडं अडलं. वर येईनात, खाली जाईनात. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एका ड्रायव्हरने गिअर ऑइल आणलं. दुसऱ्याने आधी फोटो काढला आणि मग विचारलं, "काका, लागलं तर नाही ना?" शेवटी दोघांनी काखेत हात घालून दाजींना उपटून काढलं. दाजी वर आले, पँट खालीच राहिली. ती मी सळईने काढून दिली, आणि खरं सांगायचं तर हसू आवरताना माझ्या नाकी नऊ आले.

हसू नंतर आवरलं. यार्डाच्या मॅनेजरबाई आल्या. सरळ बोलणाऱ्या बाई, आवाजसुद्धा चढवत नाहीत, म्हणून जास्त लागतं. त्या म्हणाल्या, "आज मी दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावते. पुढच्या वर्षी तुम्हा दोघांपैकी कुणी स्वतः खाली उतरू शकलं तर काम तुमचं. नाहीतर मी त्यांच्याशीच कायमचं ठरवून टाकते. काटा बंद ठेवून असले खेळ मला परवडत नाहीत."

आम्ही टेम्पोतून दुकानाशी परतलो. शटर उघडताना दाजी म्हणाले, "हे काम गेलं ना, की मी भाजीवाल्यांच्या काट्याला तेल घालणारा म्हातारा. एवढाच उरणार बघ." मला एकदम वाईट वाटलं. या माणसाने मला हाताला धरून धंद्यात आणलं, आणि मी दिवसभर त्याच्या पँटवर हसत होतो.

त्यात ताईने रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात वाढता वाढता सहज म्हटलं, "मग याला उतरव की खाली. सडपातळ तर आहे."

माझी पाचावर धारण बसली. मी थंडीतसुद्धा डोक्यावरून पांघरूण घेत नाही, आणि मी त्या खड्ड्यात उतरणार? मी म्हटलं, "छे छे, दाजींचा हात तो दाजींचा हात. दाजींनी फक्त वजन उतरवायचं." त्यामुळे दाजींनी बारीक होणं ही त्यांच्याइतकीच माझीही गरज होऊन बसली.

आता दाजींचा स्वभाव सांगायला हवा. हा माणूस देवाला एक वेळ उलट प्रश्न विचारेल, पण काट्याला नाही. "काटा खोटं बोलत नाही," हे त्यांचं ब्रीद. कुणी म्हणालं की बाहेर फार उकडतंय, तर दाजी म्हणणार, "मोजलंत का?" तेव्हा बारीक व्हायचं म्हणजे किलो कमी करायचे, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पोट कमी करणार का, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता. पोटाला कुठे आकडा असतो?

दुसऱ्या दिवसापासून घरात छळ सुरू झाला. दुकानातला सगळ्यात अचूक काटा वर घरात गेला आणि मोरीच्या बाहेर बसला. सकाळी दाजी आधी त्यावर पितळी वजनं ठेवून तो तपासायचे, मग स्वतः उभे राहायचे. दात घासण्याआधी एकदा, नंतर एकदा. न्हाव्याकडे जाण्याआधी वजन केलं, आल्यावर केलं आणि फरक दिसला नाही म्हणून न्हाव्यावर चिडले. जेवण तर जवळजवळ बंदच. सकाळी काकडी, दुपारी काकडीची आठवण, रात्री सूप नावाचं गरम पाणी. त्यांचं उरलेलं सगळं वाया जाऊ नये म्हणून ताई माझ्या पुढ्यात सरकवायची. दुकानाच्या वरच त्यांचं घर, मी दोन्ही वेळा तिथेच जेवणारा, आणि अन्नाला नाही म्हणायचं वळण मला कुणी लावलेलं नाही.

"तुझं बरंय बाबा," माझ्या ताटाकडे बघत दाजी म्हणायचे.

"माझं वजन लग्नात होतं तेवढंच आहे," मी भात कालवत सांगायचो. "सत्त्याहत्तर. काय वाट्टेल ते खाल्लं तरी काटा ढिम्म हलत नाही." हे अगदी खरं होतं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत काट्यावर उभा राहूनही दाखवायचो. त्यात थोडा चावटपणा होता, पण भागीदारीत तेवढा चालतो.

आणि दाजींचा आकडा उतरू लागला. दर आठवड्याला दाजी विजयी चेहऱ्याने खाली यायचे. चेहरा मात्र तेवढाच उरला होता. गाल बसले, मनगटं काटकुळी झाली, शर्टाच्या बाह्यांत दंड शोधावे लागायचे. एकदा बरणीचं झाकण उघडेना म्हणून त्यांनी ती गुपचूप माझ्याकडे सरकवली. मीही गुपचूप उघडून दिली.

एवढे किलो गेले तर आता पडताळा घेऊ, असं मला वाटलं. मी प्लायवुडची एक फळी घेतली, तिला मॅनहोलच्या नेमक्या मापाचं गोल भोक पाडलं आणि स्वयंपाकघराच्या दारात दोन उंच स्टुलांवर आडवी बसवली. दाजी मोठ्या ऐटीत स्टुलावरून भोकात उतरले. पाय गेले. मांड्या तर सुळकन गेल्या. आणि पुन्हा तिथेच, पोटाशी, फळी अडली. दाजींनी श्वास सोडला, हात वर केले, एक हिसका दिला. फळी तसूभर हलली नाही.

ताई ओट्याशी उभी राहून बघत होती. ती हॉस्पिटलात नर्स आहे. जगाला धीर देते, घरात मात्र धीर संपलेला असतो. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही पोट नाही उतरवलंत. तुम्ही हात-पाय उतरवलेत."

"नऊ किलो गेलेत," दाजी भोकातून म्हणाले.

"गेले ना, पण कुठून गेले? उपाशी राहून अंगातलं मांस झडलं. चरबी बसलीय आपल्या जागेवर पाय पसरून. आमच्याकडे खाटेला खिळलेले पेशंट असतात ना, त्यांचंही वजन असंच उतरतं. आम्ही त्याचे पेढे वाटत नाही."

"आकडा तर खाली आलाय," दाजी म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. फळीतून बाहेर पडताना त्यांना माझा खांदा धरावा लागला. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे एवढे हाल करून घेतले ते फुकटच का गं?" ते म्हणाले. ताईने पटकन त्यांच्यापुढे उकडलेली अंडी ठेवली आणि पाठ फिरवून भांडी आपटायला लागली. रडू आलं की ती भांडी आपटते.

त्या दिवसापासून कारभार ताईच्या हातात गेला. दाजींनी जेवायचं, तेही नीट. अंडी, डाळ, दही, भाज्या. गोड आणि तळलेलं बंद. संध्याकाळी चालून यायचं, आणि एक दिवसाआड जड उचलायचं.

"जड काय उचलू?" दाजींनी विचारलं.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "दुकान कशाने भरलंय तुमचं?"

आमच्या दुकानात काटे तपासायची प्रमाण वजनं आहेत. वीस-वीस किलोची, ओतीव लोखंडाची, वर मूठ आणि त्यावर सरकारी शिक्का. ट्रकचा काटा तपासायला ती ढिगाने न्यावी लागतात. पूर्वी दाजी ती दोन्ही हातांत एकेक धरून टेम्पोत चढवायचे. मग नाव झालं, हमाल लावायची ऐपत आली, आणि दाजी खुर्चीत बसून "सांभाळून" म्हणायला लागले. ताईचं म्हणणं, पोट त्याच खुर्चीत वाढलं. मला ते पटलं, कारण दुसरी खुर्ची माझी होती.

पण प्रमाण वजनं म्हणजे दाजींचा जीव. तळहाताच्या फोडासारखी जपलेली. घामाच्या हाताने धरायची नाहीत, आपटायची नाहीत, त्यांच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही. व्यायामाला ती वापरायची म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. तीन दिवस विचार केल्यावर त्यांनी मार्ग काढला. हातात पांढरे सुती मोजे घालायचे, वजन मऊ फडक्याने पुसायचं, उचलायचं, हळूच गादीवर ठेवायचं, पुन्हा पुसायचं. शटर अर्धं ओढून, मोजे घालून, लोखंड छातीशी धरून उठाबशा काढणारे दाजी गिऱ्हाइकांनी खालून वाकून पाहिले आणि गावभर झालं. सुरुवातीला त्यांना एकही वजन नीट उचलत नव्हतं. महिन्याभरात एक सहज उचललं जायला लागलं. मग दोन.

आणि मग घात झाला. आकडा चढला.

सकाळी मोरीपाशी जी किंकाळी उठली ती ऐकून मी खालून धावत वर गेलो. दाजी टॉवेलवर काट्यासमोर बसले होते. "वाढलंय," ते म्हणाले. काटा उघडून झाला, पुसून झाला, पितळी वजनांनी तपासून झाला. काटा बरोबर. मग त्यांनी पितळी वजनांवर संशय घेतला, ती तपासली, तीही बरोबर. मग फरशीला उतार आहे का ते पाहिलं. मग माझ्यावर संशय घेतला. मला काट्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर. "म्हणजे काट्यात काही नाही," दाजी खचून म्हणाले. "माझ्यातच आहे."

"पँट बघा की," मी म्हटलं. ती कमरेवर सुतळीने बांधलेली होती.

"कापड सैलावतं धुवून धुवून," दाजी म्हणाले.

ताईने तो काटा उचलला आणि कामावर जाताना हॉस्पिटलात घेऊन गेली. त्याने काय होणार! गावात काट्यांना तोटा नाही आणि निम्म्या काट्यांना दाजींचा हात लागलेला. दोन दिवसांनी धान्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला की तुमचे दाजी आमच्या पोत्यांच्या काट्यावर बसलेत, गिऱ्हाइकं खोळंबलीत, आणि उठा म्हटलं तर म्हणतात तपासणी चालू आहे. ताई ड्यूटीवरून तशीच तिथे आली. मला वाटलं, आता दाजींची धडगत नाही. पण ती त्यांच्या शेजारच्या पोत्यावर शांतपणे बसली.

"अहो, यार्डात ट्रक काट्यावर येतो. दहा टन दाखवतो. बरोबर?"

"बरोबर."

"आत खडी आहे की माती, हे काटा सांगतो?"

दाजींनी नकारार्थी मान हलवली.

"मॅनेजरबाई काय करतात मग?"

"माल उकरून बघतात," दाजी हळूच म्हणाले. "सळई घालून."

"हां. काटा खरंच बोलतो हो. पण विचारलं तेवढंच बोलतो. तुमच्यात होती माती. आता थोडी माती जाऊन थोडी खडी आलीय, तर आकडा थोडा चढणारच. तुमचा काटा घरी आहे, दारात. जा आणि फळीत उतरा."

दाजी उठले. त्या दिवशी फळी पोटावरून चार बोटं वर सरकली. फार नाही, पण सरकली. दाजींनी तिथे पेन्सिलने स्वतःच्या बनियनवर रेघ मारली आणि त्यानंतर आकड्याचं नाव काढलं नाही. फळी अडली तर ती बाजूला ठेवून मोजे घालायचे आणि खाली जायचे. मी वर बसून त्यांच्या वाटणीचा गोडाचा वाटा संपवायचो. कुणीतरी संपवायलाच हवा होता. माझी पँट अलीकडे पोटाखाली घालावी लागत होती, पण शर्ट बाहेर सोडला की काही दिसत नाही. शिवाय माझं वजन तेवढंच होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. आम्ही टेम्पोतून वजनं घेऊन यार्डात पोचलो. हमाल न्यायला दाजींनी नकार दिला. बातमी आधीच पसरलेली, त्यामुळे ड्रायव्हर मंडळी ट्रक सोडून मॅनहोलभोवती जमली. गेल्या वर्षीचा गिअर ऑइलवाला डबा घेऊनच उभा होता. मॅनेजरबाई केबिनच्या पायरीवर. बाजूला त्या दुसऱ्या कंपनीची गाडी. बाईंनी पर्याय हाताशी ठेवला होता.

दाजींनी झाकण सरकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.  वर्षभराची काकडी, अंडी, मोजे आणि ताईचा संताप, सगळं त्या गोल भोकापाशी येऊन थांबलं होतं. त्यांनी पाय सोडले. मांड्या गेल्या. पोट काठाला आलं. दाजींनी एक हात वर केला, दुसरा अंगाशी घेतला, श्वास सोडला, आणि पुढच्या क्षणी मॅनहोलमध्ये नुसता हात दिसत होता. मग तोही दिसेना. खालून आवाज आला, "पोचलो रे!"

ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. मी ओरडलो की काय केलं मला आठवत नाही, पण माझा जीव भांड्यात पडला एवढं खरं. दुसऱ्या कंपनीची गाडी निघून गेली.

"आता तुम्ही," मॅनेजरबाई मला म्हणाल्या.

"मी?"

"गेल्या वर्षीनंतर नियम केलाय. खड्ड्यात एकटा माणूस ठेवायचा नाही. दोघं हवेत. त्याशिवाय मी काम सुरू करू देणार नाही."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. खालून दाजी म्हणाले, "ये रे. मी आहे ना." या माणसाने वर्षभर मोजे घालून लोखंड उचललं, आणि मी सहा फूट उतरायला घाबरतोय? मी शूर माणसासारखा काठावर बसलो. शिवाय मला अडकायची भीती नव्हतीच. दाजी गेले तिथून मी तर लोळत जाईन. वजन सत्त्याहत्तर.

पाय गेले. मांड्या गेल्या. आणि मग माझा शर्ट वर सरकला, आणि त्याखाली जे काही मी वर्षभर झाकलं होतं ते मॅनहोलच्या काठावर ऐसपैस बसलं.

मी श्वास सोडला. हात वर केले. हिसकासुद्धा दिला. गिअर ऑइलवाला पुढे झाला, "काका, आता तरी लावू का?" दुसऱ्याने फोन काढला.

"काढा मला! दाजी, ढकला!"

"थांब," खालून दाजींचा आवाज आला, अगदी कामातला. "बाई, नियमाप्रमाणे दोघं खड्ड्यात हवेत ना? हा निम्मा आत आहे. चालेल का?"

मॅनेजरबाईंना मी आयुष्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

मग दाजींनी अख्खं काम केलं. बॅटरी माझ्या बुटाला टांगली. "डावा पाय जरा उचल," म्हणायचे, मी उचलायचो. "आता उजवीकडे," मी उजवीकडे. वर ऊन, भोवती ड्रायव्हर, खाली दाजी पाना फिरवत गुणगुणत होते. हा माणूस वर्षभरात गुणगुणला नव्हता. मला इतका राग आला होता की काय सांगू, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की तो राग नीट करताही येत नव्हता.

काम संपलं. बाईंनी वरून सांगितलं, "पुढच्या वर्षीही तुम्हीच या."  खालून दाजींनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"चल, तुला काढतो," ते म्हणाले. "श्वास सोड आणि हातांनी रेट." त्यांनी माझे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले आणि सरळ उभे राहायला लागले. कुंथणं नाही, थरथर नाही. मी हळूहळू वर निघालो, आणि निघता निघता खालून त्यांनी अंदाज घेतला.

"तीन वजनं, आणि वर सतरा किलो. सत्त्याहत्तर ना?"

"सत्त्याहत्तरच!" मी काठाला धरून ओरडलो. "लग्नापासून!"

"वजन बरोबर आहे रे," दाजी म्हणाले. "माल तपासून घे. फळी उद्या तुझ्याकडे पाठवतो."